घरी भरलेले काडतूस : सरंजाम, कायदा आणि जखम

'बारा बोअर' हा शब्द आपल्या भागात कोणालाही नवा नाही. सांबऱ्याला भारतीय वायुदलाचे प्रशिक्षण केंद्र, बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र. साहजिकच उमेदीची वर्षे सैन्यात घालवून परतलेल्यांची घरे या पंचक्रोशीत पुष्कळ आहेत. निवृत्तीनंतर बँकेच्या दारात उभा राहणारा रखवालदार खांद्यावर जी दुनळी बंदूक बाळगतो ती बहुधा बारा बोअरचीच असते. खानापूर, चंदगड, आजरा या बाजूला रानडुकरांपासून भात आणि ऊस राखण्यासाठी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेल्या काडतुसाच्या किंवा ठासणीच्या बंदुका आजही आढळतात. तरीही या 'बारा'चा अर्थ विचारला तर उत्तर क्वचितच मिळते. नळीच्या आतील व्यासाएवढे शिशाचे गोळे ओतले, तर एका पौंडात बरोबर बारा भरतात, एवढाच तो अर्थ. हा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर येतो. वीस बोअरच्या नळीचे गोळे एका पौंडात वीस बसतात, म्हणजे आकडा मोठा तितकी नळी लहान. हे उलटे गणित वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे एका अपघाताच्या संदर्भात त्याची गरज पडणार आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय बंदूक हा नसून तिचे काडतूस, आणि तेही घरी भरलेले काडतूस, हा आहे. वैद्यकीय व्यावसायिकांच्या स्मरणिकेत हा विषय काहींना विसंगत वाटेल. परंतु छऱ्यांची जखम घेऊन येणाऱ्या रुग्णापुढे आपण उभे असतो तेव्हा ते काडतूस कारखान्यात बनले की कोणाच्या पडवीत, यावर उपचाराच्या व न्यायवैद्यकाच्या अनेक गोष्टी अवलंबून असतात. शिवाय घरात शिसे वितळत असेल, तर ज्याने कधी बंदूक पाहिलीही नाही असे त्या घरातील मूलही आपला रुग्ण होऊ शकते.

प्रथम काडतुसाची रचना पाहू. पितळी बूड, त्याच्या मध्यभागी बसविलेली टोपी, वर कागदाचे किंवा प्लॅस्टिकचे नळकांडे. आत तळाशी दारू, तिच्यावर वॅड, वॅडवर छर्रे आणि शेवटी दुमडलेले तोंड. यातील वॅड हा सर्वांत दुर्लक्षित भाग होय. दारूचा वायू छऱ्यांमधून निसटू नये म्हणून मध्ये घट्ट बसविलेली ती चकती असते. पूर्वी ती लोकरीच्या नमद्याची व पुठ्ठ्याची असे. आता बहुधा प्लॅस्टिकची आणि छर्रे पोटात घेणाऱ्या पेल्यासारखी असते. चाप ओढला की घोड्याचा आघात टोपीवर, टोपीची ठिणगी दारूवर, आणि क्षणार्धात जो दाब उत्पन्न होतो त्याची युरोपीय मानकाने ठरविलेली मर्यादा ७० मिलिमीटर लांबीच्या बारा बोअर काडतुसाला ७४० बार इतकी आहे. आपल्या मोटारीच्या चाकात दोन-सव्वादोन बार हवा असते. तुलना एवढ्यासाठीच की, हाताने काडतूस भरणारा माणूस नेमक्या कशाशी खेळतो आहे हे कळावे.

एकदा उडालेल्या काडतुसाचे नळकांडे बहुधा शाबूत राहते. मग जळालेली टोपी काढून नवी बसवावी, दारू, वॅड, छर्रे पुन्हा भरावेत आणि तोंड दुमडावे, ही कल्पना काडतुसाच्या बंदुकीइतकीच जुनी आहे. संस्थानी काळात आणि पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद होईपर्यंत, हौशी शिकाऱ्यांकडे यासाठी लाकडी पेटीत ठेवलेला सरंजाम असे. टोपी काढण्याची सुई, टोपी बसविण्याची चिमट्यासारखी पकड, दारूचे व छऱ्यांचे लांब दांड्याचे माप, वॅड दाबण्याचा लाकडी गज, आणि मेजाच्या कडेला स्क्रूने आवळून हाताने फिरवायचे, काडतुसाचे तोंड आत वळविणारे यंत्र. इंग्लंडमधील शेफील्ड येथील जेम्स डिक्सन आणि हॉक्सली या कारखानदारांची ही अवजारे विशेष नावाजलेली होती. आपल्याकडच्या पावसात कागदी नळकांडी ओल धरून फुगत आणि बंदुकीत अडकत. म्हणून पूर्ण पितळी नळकांड्यांना पसंती असे. ती अनेकदा वापरता येत, हा आणखी एक लाभ. पुढे देशातच, पुण्याजवळच्या खडकी येथील १८६९ साली स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्यातून 'शक्तिमान' नावाची काडतुसे येऊ लागली. तो कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे.

परदेशी, विशेषतः अमेरिकेत, ही गोष्ट आजही कायदेशीर छंद म्हणून चालते. मातीच्या उडत्या तबकड्या फोडण्याच्या खेळात एका दुपारी शंभर काडतुसे सहज खर्ची पडतात. ऑलिंपिक स्पर्धेत काडतुसातील छऱ्यांचे वजन २४ ग्रॅमच्या आसपास मर्यादित आहे. सरावालाही तसेच हलके व एकसारखे काडतूस हवे असते. म्हणून तेथील हौशी नेमबाज गॅरेजमध्ये एक यंत्र बसवितो. विस्कॉन्सिन राज्यातील मेव्हिल येथील 'मेक' या कंपनीची यंत्रे त्यांत सर्वत्र दिसतात. आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक तिकडे स्थायिक आहेत व त्यांच्यापैकी कोणी या छंदात असणे अशक्य नाही. त्यांनी सरंजाम कसा निवडावा, याचे उत्तर विक्रेत्याच्या माहितीपत्रकात सापडत नाही. ते सापडते अपघातांच्या इतिहासात. कोणतेही उपकरण विचारात घेताना 'हे कोणता अपघात टाळते' असा प्रश्न करावा, म्हणजे निवड आपोआप होते.

पहिले उपकरण तराजू. भरण्याच्या यंत्रात दारू वजनाने पडत नाही, छिद्र असलेल्या सरकपट्टीतून आकारमानाने पडते. धूरविरहित दारूचे अनेक प्रकार आहेत आणि त्यांची घनता व जळण्याची गती वेगवेगळी असते. एका दारूसाठी योग्य असलेले छिद्र दुसरीसाठी घातक ठरू शकते. काळ्या दारूच्या जुन्या मापात धूरविरहित दारू भरणे, हा तर बंदूक फुटण्याचा सर्वांत जुना आणि खात्रीचा मार्ग. म्हणून यंत्राबरोबर स्वतंत्र तराजू व त्याची पारख करण्याची प्रमाण वजने नसतील, तर उरलेला सारा सरंजाम व्यर्थ होय. यंत्र ज्या कोष्टकाप्रमाणे चालवायचे ते कोष्टक दारूच्या उत्पादकाचेच असावे आणि त्यातील नळकांडे, टोपी, वॅड व छर्रे यांपैकी एकही घटक मनाने बदलू नये. औषधांच्या परस्परक्रियांशी ज्यांचा रोजचा संबंध आहे त्यांना हे अधिक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

दुसरा प्रश्न, यंत्र एकेक पायरीने चालणारे घ्यावे की प्रत्येक दाबाला एक तयार काडतूस देणारे. दुसऱ्या प्रकाराचा मोह मोठा. पण त्यात एका नळकांड्यात दारू दोनदा पडली किंवा मुळीच पडली नाही, तर ते नजरेतून निसटते. दारू न पडलेले काडतूस निरुपद्रवी वाटते, परंतु तसे नाही. केवळ टोपीच्या जोरावर वॅड नळीत अर्ध्यावर जाऊन अडकते, बार 'फुस्स' होतो, आणि पुढचे चांगले काडतूस त्या अडथळ्यावर आदळून नळी फोडते. म्हणून नवशिक्याने एकेक पायरीचे, संथ यंत्रच घ्यावे. यंत्राजवळ एका वेळी एकाच प्रकारच्या दारूचा डबा असावा. आणि चष्मा, म्हणजे डोळ्यांचे रक्षण करणारा, हा सर्वांत स्वस्त व सर्वांत टाळला जाणारा घटक होय.

आता ते उलटे गणित. वीस बोअरचे काडतूस चुकून बारा बोअरच्या नळीत टाकले तर ते आत सरकून पुढे अडकते. नळी रिकामी समजून मागून बाराचे काडतूस घातले जाते. चाप ओढताच नळी फुटते, आणि ती फुटते नेमकी तेथे, जेथे डावा हात धरलेला असतो. वीस बोअरची नळकांडी हल्ली पिवळी करतात ती यासाठीच. घरी भरणाऱ्याने रंगाचा हा संकेत पाळला नाही तर तो आपला आणि परक्याचाही हात पणाला लावतो. ठासणीच्या बंदुकीत रंगाचा संकेत नसतोच. तेथे बार न उडाल्यास, दारू पडली होती की नाही याचा विसर पडून वर पुन्हा दारू ठासली जाते. अशा रुग्णाच्या तळहातात धातूबरोबर लाकूड, चिंध्या आणि न जळालेली दारू असते, आणि क्ष-किरणात यांपैकी धातूच तेवढा ठळक दिसतो.

हे झाले परदेशाचे. आपल्या देशात प्रश्न निवडीचा उरतच नाही, आणि हे स्पष्ट शब्दांत सांगणे अगत्याचे आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये 'दारूगोळा' या शब्दाची जी व्याख्या आहे तीत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रसामग्रीही समाविष्ट आहे. म्हणजे अमेरिकेतील भाच्याने काकांसाठी सामानातून आणलेले काडतूस भरण्याचे यंत्र कायद्याच्या दृष्टीने लोखंडाची निरुपद्रवी वस्तू नसून दारूगोळाच ठरते. कलम ५ अन्वये उत्पादनासाठी स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस बनविण्याचा परवाना नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदेशीर उत्पादनास किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. 'आमच्या आजोबांकडे पेटी होती आणि कोणी काही म्हटले नाही' हा युक्तिवाद आजोबांच्या काळापुरता खरा असेल. आज तो न्यायालयात टिकणारा नाही. अशी भेट कोणी आणू नये व कोणी मागवू नये.

कायद्याने मनाई असली तरी प्रसंग घडतात. शिशाचे प्रकरण तर बंदुकीपुरते मर्यादितच नाही. कोकणातील जाळ्यांची वजने असोत वा ठासणीसाठी ओतलेल्या गोळ्या असोत, शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, आणि एवढे तापमान स्वयंपाकाच्या शेगडीवर सहज मिळते. यातील मोठा धोका वाफेपेक्षा वर जमणाऱ्या राखाडी मळीचा आहे. ती खरवडून टाकताना तिची पूड उडते, जमिनीवर बसते, आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार मुले प्रौढांच्या चार ते पाच पट शिसे शोषून घेतात. लोहाची कमतरता असेल तर शोषण आणखी वाढते. रक्तक्षयाने फिकटलेली मुले आपल्या भागात किती आहेत हे डॉक्टर वाचकांना सांगायला नको. अशा मुलाला लोहाचे औषध देऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, पोट वारंवार दुखत असेल, बद्धकोष्ठ असेल, शाळेत लक्ष लागत नसेल, तर 'घरात कोणी शिसे वितळवते का, बॅटऱ्या फोडते का' हा एक प्रश्न विचारावा. रक्ताच्या पटलावर तांबड्या पेशींत निळसर ठिपके दिसले तर संशय बळावतो. न दिसले म्हणून तो फिटत नाही. संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार रक्तातील शिसे दर १०० मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅम वा त्याहून अधिक आढळल्यास स्रोत शोधून संपर्क थांबवावा. मुलांत ४५ च्या पुढे शिसे बाहेर काढणाऱ्या औषधांचा विचार होतो. औषधापूर्वी स्रोत थांबविणे महत्त्वाचे. ज्या भांड्यात शिसे वितळले त्यात पुन्हा अन्न शिजू नये, आणि ती जागा झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसावी. काडतुसे भरणाऱ्यांच्या बाबतीत टोप्यांचा विसर पडू देऊ नये. आधुनिक टोपीत बहुधा लेड स्टिफनेट हे शिशाचेच संयुग असते, आणि उडालेल्या टोप्या काढताना सांडणारी काजळी म्हणजे शिशाची सूक्ष्म पूडच. शिकारीच्या गोष्टी रंगवून सांगणारे पुष्कळ भेटतात. मेजावरच्या या काजळीची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही.

आता प्रत्यक्ष जखमेकडे वळू. पाठ्यपुस्तकात अंतराची जी अनुमाने दिलेली असतात, म्हणजे साधारण एक मीटरपर्यंत एकच मोठे भोक, पुढे त्याची कड कुरतडल्यासारखी, मग भोवती सुट्या छऱ्यांची भोके, आणि दहा मीटरच्या आसपास मधले भोक नाहीसे, ती कारखान्यात भरलेल्या काडतुसांवरून आलेली आहेत. प्लॅस्टिकच्या पेल्याच्या चार पाकळ्या उघडून त्वचेवर फुलीसारखा जो ओरखडा उमटतो आणि ज्यावरून सुमारे ३० ते ९० सेंटिमीटरचे अंतर सांगता येते, तो कागद ठासलेल्या काडतुसात उमटणारच नाही. तेथे छऱ्यांऐवजी लोखंडी सळीचे तुकडे किंवा सायकलच्या बेअरिंगमधील गोळ्याही असू शकतात आणि त्या वेड्यावाकड्या पसरतात. म्हणून अंतराविषयी ठाम मत आपण देऊ नये. त्याच बंदुकीतून, तशाच काडतुसाने केलेल्या चाचणीवरून न्यायसहायक प्रयोगशाळेने ते द्यावे. आपण त्वचेवरील पसारा मोजून, मोजपट्टीसह छायाचित्र घेऊन नोंदवावा. क्ष-किरण चित्रातील पसाऱ्यावर विसंबू नये, कारण जवळून आलेले छर्रे आत शिरताना एकमेकांवर आदळून बिलियर्डच्या चेंडूंसारखे फाकतात, आणि जवळचा बार दुरून आल्यासारखा भासतो.

लोखंडाचा आणखी एक मुद्दा. शिशाचा छरा चुंबकाला दाद देत नाही. पोलाद व लोखंड देते. क्ष-किरणात शिसे चपटलेले आणि मागे बारीक कण सांडत गेलेले दिसते, पोलादाची गोळी मात्र गोल गरगरीत राहते. छऱ्याची जुनी जखम सांगणाऱ्या रुग्णाला चुंबकीय अनुनाद तपासणीस पाठविण्यापूर्वी हा फरक पाहणे, आणि छरा डोळ्याजवळ वा मज्जारज्जूजवळ असेल तर क्ष-किरणतज्ज्ञाशी बोलणे, अत्यावश्यक आहे.

सर्व छर्रे काढण्याचा अट्टहास नसावा. स्नायूंत रुतलेल्या छऱ्याभोवती शरीर आवरण बांधते. सांध्यात राहिलेला छरा मात्र काढावा. सांध्यातील द्रवात शिसे विरघळते, सांधा झिजतो, आणि कधीकधी वर्षांनंतर रक्तातील शिसे वाढते. प्रवेशाच्या भोकांची संख्या आणि चित्रातील छऱ्यांची संख्या यांचा मेळ बसत नसेल तर छरा रक्तवाहिनीतून दूर गेला नाही ना हे पाहावे. जखम मोठी असेल तर आतील वॅडचा शोध घ्यावाच. छर्रे मोजून झाल्यावर 'सर्व निघाले' असे वाटते आणि चिंधी, काथ्या किंवा कागदाचा बोळा मागे राहतो. धनुर्वात व वायुजन्य कोथ यांना तेवढे निमित्त पुरते. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी स्वातंत्र्यदिनी उडविल्या जाणाऱ्या पोकळ काडतुसांच्या वॅडमुळे इतक्या मुलांना धनुर्वात होई, की तेथील वैद्यक संघटनेला १९०३ पासून त्याविरुद्ध मोहीमच हाती घ्यावी लागली. पोकळ काडतुसात छरा नसतो, हे लक्षात घेतले म्हणजे वॅडचे महत्त्व पटते.

ही वॅड पुरावाही असते. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस लँकेस्टर येथे जॉन टॉम्स नावाच्या इसमावर खुनाचा खटला चालला. मृताच्या डोक्यातील जखमेत ठासणीच्या पिस्तुलाचा कागदी बोळा सापडला, आणि आरोपीच्या खिशातील गाण्याच्या फाटक्या कागदाला तो तंतोतंत जुळला. घरी भरलेले काडतूस भरणाऱ्याची ओळख अशी सोबत नेते. फक्त ती आपल्या शस्त्रक्रियागृहातील कचऱ्याच्या बादलीत जाऊ नये. जखमेतून निघालेली वॅड व छर्रे रबर लावलेल्या किंवा साध्या, दात नसलेल्या चिमट्याने उचलावेत, घासू नयेत, वॅड सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवावी, आणि मोहोरबंद करून, पावती घेऊन पोलिसांच्या स्वाधीन करावी. कपडे कापताना भोकांतून कात्री घालू नये.

शेवटी घरातल्या त्या जुन्या काडतुसांविषयी, कारण समाजबांधवांकडून हाच प्रश्न अधिक येतो. कातडी पट्ट्यात वर्षानुवर्षे राहिलेल्या काडतुसांच्या पितळेवर हिरवट कळंक चढतो, कागद फुगतो, टोपी अविश्वसनीय होते. ती उघडून दारू वेगळी करण्याचा, उन्हात वाळविण्याचा किंवा चुलीत टाकण्याचा प्रयत्न करू नये. तुळशी विवाहाला मुलांच्या हाती देण्याचा तर नाहीच नाही. परवानाधारक हयात असेल तर त्याने परवान्यासह ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावीत. परवानाधारकाचे निधन झाले असेल तर बंदूक आणि काडतुसे दोन्ही विनाविलंब जमा करून पावती घ्यावी, असे कलम २१ सांगते. वारसाला स्वतःच्या नावे परवाना हवा असल्यास अर्ज त्यानंतर करता येतो. माळ्यावरच्या पेटीत काडतुसे भरण्याची जुनी अवजारे सापडली तर, ती गंजून निकामी झालेली दिसत असली तरीही, त्याच वेळी पोलीस ठाण्यात दाखवून त्यांची नोंद करून घ्यावी.